किसनअण्णांचा थरथरता पाट

किसनअण्णा माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघतात. आधी पाय बघतात. तुम्ही त्यांच्या ओट्यासमोरून निघालात की त्यांची नजर टाचेपासून सुरू होते, पोटरीवर थोडी थांबते, गुडघ्यापाशी जरा जास्त थांबते आणि मग सावकाश वर येते. तोवर तुमचं दोनदा ‘राम राम अण्णा’ म्हणून झालेलं असतं.

मी लग्न होऊन बेल्ह्यात आले त्या दिवशी बाकीच्यांनी माझा रंग बघितला, नाक बघितलं. अण्णांनी माप ओलांडताना माझी पावलं बघितली आणि सासूबाईंना म्हणाले, “पायानं घट्ट हाये सून. टिकल.” मला त्या वेळी राग आला होता. पुढे कळलं की अण्णांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक निघत नाही.

एकदा बँकेत नवीन साहेब आले. ओळख करून घ्यायला ते गल्लीतून फिरत होते. अण्णांनी त्यांना बसा म्हणायच्या आधी समोरच्या लिंबापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. साहेब भिडस्त होते, चालून आले. मागचं अंग कच्चं आहे, असा अण्णांनी निकाल दिला. साहेबांनी पळण्याच्या शर्यतीत नंबर काढला होता, तसा फोटो त्यांनी फोनमधून काढून दाखवला. अण्णांनी फोटोतलेही पाय बघितले. म्हणाले, “आसंल. पन मला नाय पटले.”

त्यात अण्णांची चूक नाही. त्यांचा सगळा जन्म बैलांच्या बाजारात गेला. आमच्या गावच्या बाजाराला लांबलांबून टेम्पो येतात, आणि अण्णा कधी विकणारे म्हणून, कधी घेणारे म्हणून, कधी नुसते मधले म्हणून त्यात उभे असतात. ट्रॅक्टर आले तसा धंदा बसला होता. मग बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा चालू झाल्या आणि अण्णांना परत विचारणा होऊ लागली. पण तोवर त्यांचाच एक गुडघा कामातून गेला होता. कधीकाळी एका खोंडाने लाथ मारली होती, ती म्हातारपणी उगवली. आता ते बाजाराच्या दिवशी तेवढे जातात आणि बाकीचे दिवस ओट्यावर बसून गावाचे पाय बघतात.

त्यांच्या ओट्यासमोर आमची पिठाची गिरणी आहे. मध्ये एक गाडी जाईल एवढा रस्ता. त्यामुळे अण्णांच्या घरात काय चाललंय ते मला कळतं आणि आमच्याकडे कोणाचं दळण आलंय ते त्यांना कळतं.

आता हिराकाकीबद्दल सांगायला हवं. ती अण्णांची बायको. अण्णांपेक्षा बुटकी आणि त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजाची. बाजाराच्या दिवशी परगावचे चार-पाच व्यापारी त्यांच्याकडे जेवायला असायचे. काकी एकटी पिठलं-भाकरी करायची, वाढायची आणि वाढता वाढता त्यांचे भाव पाडायची. गिरणी चालू असली तरी तिची हाक मला ऐकू यायची.

गेल्या दिवाळीनंतर ती न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नारायणगावला ऑपरेशन झालं, आत सळी घातली. हाड चांगलं जुळलं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, आता हळूहळू चाला म्हणाले. काकीचं म्हणणं, डॉक्टर काय न्हाणीत पडला नव्हता.

ती चालेना. वॉकर आणला तर तो कोपऱ्यात उभा करून त्याच्यावर लुगडी वाळत घातली. न्हाणीपर्यंत अण्णा धरून न्यायचे, तेवढंच तिचं उठणं. बाकी वेळ आतल्या खोलीत खाटेवर. भेटायला बायका यायच्या, त्यांना ती एका शब्दात वाटेला लावायची. हळूहळू बायका यायच्या थांबल्या आणि तिचा तो एक शब्दही थांबला. मी पीठ घेऊन जायची तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून असायची. डॉक्टरीणबाई, म्हणजे व्यायाम शिकवणाऱ्या, दर खेपेला बजावायच्या की मांडीतली ताकद चाललीय, अशीच बसून राहिली तर ही बाई पुन्हा उभी राहणार नाही.

अण्णांची मुलगी शोभा चाकणला असते. तिने संक्रांतीच्या सुमाराला ते मशीन पाठवलं. एक जाड काळा पाट, पुढे उभा दांडा, त्याला धरायला हात. पाटावर उभं राहून बटण दाबलं की पाट बारीक थरथरायला लागतो. ती थरथर तळपायातून वर चढते आणि तोल सांभाळायला मांड्या-पोटऱ्या आपोआप आवळल्या जातात. शोभाने आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्यांनी ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना विचारलं आणि मग सांगितलं, की अगदी हळू लावून, धरून, रोज थोडा वेळ चालेल. पण ही जादू नाही, बाकीचे व्यायाम आणि चालणं करावंच लागेल.

मशीन आतल्या खोलीत गेलं त्या दिवशी आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. 

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पाट ओढत ओट्यावर आणला. खिडकीतून वायर घेतली. दाराच्या अगदी समोर मांडला, इतका की आत-बाहेर करणाऱ्याला अंग चोरून जावं लागे. मग टोपी नीट केली, धोतर खोचलं आणि स्वतः त्यावर चढले. मी गिरणीत उभी राहून बघत होते. अण्णांच्या मिशा थरथरत होत्या, कानातली बाळी थरथरत होती आणि चेहरा मात्र फोटो काढायला बसल्यासारखा गंभीर.

तिथून पुढे आमच्या गल्लीची शिस्त गेली. गिरणीत डबा ठेवून माणूस जरा टेकला की अण्णा त्याला हाक मारायचे. “पावणं, दळान व्हईस्तवर या की पाटावर.” कुणी नाही म्हटलं तर त्याच्या पायांबद्दल असं काही बोलायचे, की तो चढायचाच. मशीनवर गतीचे आकडे होते, पण अण्णांनी त्यांना आपली नावं दिली होती. सगळ्यात हळू ती म्हैस. मधली ती नांगराचा बैल. जोराची ती शर्यतीचा बैल. नवख्याला म्हैसच. तरण्या पोरांनी शर्यतीचा बैल मागितला तर आधी ते त्यांना खाली-वर बसायला लावायचे आणि पोरं धापा टाकायला लागली की परत म्हशीवर आणायचे.

शिकवणं मोठ्या आवाजात. गिरणी बंद असली तरी मोठ्या आवाजात. “गुडघा ताठ धरू नका, मऊ धरा. ताठ धरला तर नुसतं डोकं हालतं. मऊ धरला की मांडी काम करती. दांडा धरा, त्याला लोंबकळू नका. नजर समोर. पायाकडं बघायचं नाय, पाय कुटं पळून जात नाय.” हे सगळं प्रत्येकाला, पहिल्यापासून, रोज. ऐकून ऐकून माझं पाठ झालं.

कोणी चढायचं नाही, तेही डॉक्टरीणबाईंनी त्यांना फोनवर सांगितलं होतं. छातीत मशीन बसवलेल्याने नाही, मुतखडावाल्याने नाही, दिवस गेलेल्या बाईने नाही. पण अण्णांना ते बाजाराच्या भाषेतच विचारता यायचं. एका नव्या सुनेला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, गाभण हाये का. पोरगी लाजून मागे सरकली. तिची सासू इकडे गिरणीत ज्वारी निवडत होती, तिला ती बातमी अशी कळली. ती आधी अण्णांवर संतापली, मग संध्याकाळी पेढे घेऊन आली.

मंगल नावाची माझी एक मैत्रीण आहे, टोमॅटोची बागायतदार. तिला कोणीतरी सांगितलं की या पाटावर नुसतं उभं राहिलं तरी वजन उतरतं. ती रोज येऊ लागली आणि उभ्या उभ्या भजी खाऊ लागली. अण्णांनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी पुडी काढून घेतली आणि सांगितलं, की पाट हलतोय म्हणून आपलं हलणं बंद करायचं नसतं. मग तिला धरून गुडघे वाकवायला लावले, टाचा उचलायला लावल्या. महिन्याभरात मंगलचं वजन काही उतरलं नाही, पण शेतातून येताना बांध चढताना धाप लागत नाही म्हणाली. अण्णांनी ते दारात उभं राहून तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

गावात बोलणं सुरू झालं होतंच. बायकोसाठी लेकीने पाठवलेलं मशीन म्हाताऱ्याने बळकावलं. ती आत निजून आहे आणि हा बाहेर तमाशा मांडून बसलाय. जत्रेतल्या पाळण्यासारखी रांग लावतो. हे अण्णांच्या कानावर जात होतं. ते आपले पाट पुसून ठेवत होते.

शोभापर्यंतही ते गेलं. कांदा काढणीच्या दिवसांत एका रविवारी ती आली, सोबत तिचे सासरे. ते पेठ गावचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले, शब्द मोजून बोलणारे गृहस्थ. शोभाने घरात पाय ठेवायच्या आधी ओट्यावरची माणसं बघितली. दोघं-तिघं रांगेत होते, मंगल पाटावर होती. शोभा तिथेच उभी राहून बापाला बोलली. आईसाठी पाठवलं होतं, तुमच्या करमणुकीसाठी नाही. ती आत कुजत पडलीय आणि तुम्हाला गाव जमवून दाखवायची हौस आली. मी तेव्हा पीठ द्यायला तिथे गेले होते, मला कुठे बघावं कळेना. अण्णा खाली मान घालून ऐकत राहिले. मग वर बघितलं आणि व्याह्यांना म्हणाले, “पावणं, या. तुमीबी जरा उभं ऱ्हा.”

शोभा रागाने पायरीवरच बसली. व्याही पंचाईतीत पडले. लेकीच्या सासऱ्याचा मान मोठा, पण त्यांना नाही म्हणता येईना, कारण अण्णांनी तोवर त्यांच्या दंडाला धरलं होतं. मंगल खाली उतरली, ते चपला काढून पाटावर चढले आणि पोलिसात भरती व्हायला आल्यासारखे ताठ उभे राहिले. अण्णांनी बटण दाबलं.

आता ते मुद्दाम की चुकून, मला आजही माहीत नाही, पण म्हैस न लागता एकदम नांगराचा बैल लागला. व्याह्यांची टोपी आधी कपाळावर आली, मग नाकावर. त्यांनी ती सावरायला एक हात सोडला. काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, त्यातून शब्दाऐवजी नुसता एक लांबलचक थरथरता सूर आला आणि त्या सुराबरोबर त्यांची कवळी बाहेर येऊन ओट्यावर पडली. मंगलने तोंडात पदर कोंबला. रांगेतली माणसं एकदम आभाळाकडे बघायला लागली.

आणि आतून हसण्याचा आवाज आला.

मोठा, खणखणीत, मध्येच खोकला येऊन पुन्हा सुरू होणारा. मला पहिल्यांदा ओळखूच आला नाही. शोभा पायरीवरून उठली. हसणं थांबलं आणि आतून काकी म्हणाली, “पावणं, गुडघं ताठ धरल्यात तुमी. मऊ धरा. आन खाली बघू नगा.”

अण्णांनी मशीन बंद केलं.  व्याह्यांनी कवळी रुमालात घेतली आणि ते उभेच राहिले. मला वाटलं, आता अण्णा आत जातील, तिला हात धरून बाहेर आणतील. ते गेले नाहीत. त्यांनी दारातून आत नुसतं विचारलं, “च्या टाकू का?” आतून आलं, “टाका. साखर बेतानं.”

शोभा आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. अण्णांनी व्याह्यांना ओट्यावर बसवलं आणि बाकी सगळ्यांना घरी पाठवलं. मीही निघाले, तर त्यांनी मला चुलीवरचं आधण बघायला थांबवलं. माझ्याकडे न बघता बोलले.

“सुनंदा, टेम्पोत नवं जनावर चढत नाय. फळीवर पाय ठिवला की बुजतं. मारलं तर आजून बुजतं, मग जलमभर चढत नाय. त्येच्या डोळ्यासमोर दुसरी जनावरं चढवायची. सावकाश. त्येला दिसलं पायजे, की चढतात आन काय व्हत नाय.”

मी म्हटलं, “म्हणजे काकी…”

“तिला सांगू नको,” अण्णा म्हणाले. “भांडी फेकंल.”

पुढच्या आठवड्यात पाट ओट्यावरून आत गेला. अण्णा लोकांना मशीन बिघडलं म्हणून सांगायचे. बाजारात इतकी वर्षं काढलेला माणूस, पण खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही, कारण ते हे सांगत असतानाच आतून थरथर ऐकू यायची. लोक समजून दुसरीकडे बघायचे. मंगलने तर मशीन दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात याची फार दिवस चौकशी केली, मग आपली आपण बांधावर टाचा उचलायला लागली.

आतून दुपारच्या वेळी दोघांचं भांडण ऐकू यायचं. हळू लावा, लई लागलं. म्हैसच हाये. म्हैस नाय ही, मला काय कळत नाय का. दांडा धर. धरलाय की. डॉक्टरीणबाई एकदा येऊन बघून गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या की खाटेवर बसून करायचे व्यायाम या आजींनी आधीच सुरू केले होते, कोणी शिकवले कोण जाणे.

पाऊस सुरू व्हायच्या जरा आधीची गोष्ट. सकाळी गर्दी नव्हती. मी गिरणीची चाळण साफ करत होते. समोरून हिराकाकी आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात लहानसा डबा. रस्ता ओलांडून ती एकटी आली. मला धावत जावंसं वाटलं, पण तिचा चेहरा बघून मी जागची हलले नाही. उंबऱ्यापाशी ती थांबली, काठी आत टेकवली, मग पाय आत टाकला आणि गव्हाच्या पोत्यावर येऊन बसली. डब्यात मूठभर नाचणी होती. तेवढ्यासाठी गिरणी कोणी चालू करत नाही. मी केली.

दळण झाल्यावर मी गिरणी बंद केली तरी ती उठली नाही. तिच्या मनात काही होतं, ते तुटक तुटक आलं. मशीन आलं त्या दिवशी तिने तांब्या फेकून मारला होता. अण्णांच्या खांद्याला लागला. दुसऱ्या दिवशी ते मशीन ओढत बाहेर घेऊन गेले, तेव्हा तिला वाटलं, कंटाळले. पुढे रोज त्यांचं ते मोठमोठ्यानं शिकवणं. आधी तिला वाटलं, ऐकायला कमी येतंय का काय यांना. दारातून पाटावरच्यांचे पायच तेवढे दिसायचे. कोणाचे गुडघे ताठ आहेत, कोण दांड्याला लोंबकळतंय, सगळं दिसायचं आणि बोलावंसं वाटायचं. मग एक दिवस मंगल चुकत होती, तर काकीने खाटेवर बसल्या बसल्या स्वतःचा गुडघा मऊ करून बघितला. दुखला नाही.

“आन राती जेवताना आमचं ह्ये मला कायबी सांगायचे,” ती म्हणाली. “आज कोन चढलं, कोन पडता पडता वाचलं. मी हूं करायची नाय. तरीबी सांगायचे. मी घरात व्हते ना, पन मी बोलत नव्हते. त्येंना बोलायला कोनच नव्हतं गं.”

मी चहा ठेवते म्हटलं. ती नको म्हणाली नाही. चहा पिताना तिने दाराकडे पाठ केली आणि हळूच विचारलं, “आलेत ना मागनं?”

मी बाहेर बघितलं. लिंबाच्या पलीकडे अण्णा उभे होते. फोन कानाला लावलेला, आणि तोंड बंद.

“आलेत,” मी म्हटलं.

“बघू नको तिकडं. लाजत्यात.”

आम्ही चहा संपवला. काकीने डबा बंद केला, काठी जवळ ओढली. तिची हालचाल तिकडे दिसली असावी, कारण अण्णांनी फोन खिशात टाकला आणि तो एक पाय ओढत, त्यांना जमेल तेवढ्या घाईने, भिंतीच्या कडेकडेने घराकडे निघाले. तिच्या आधी पोचायचं होतं.

मी काकीला हात द्यायला पुढे झाले. ती उठली नव्हती. काठी मांडीवर आडवी ठेवून बसून होती.

“बसते आजून जरा,” ती म्हणाली. “त्येंना पोचू दे घरी.”